लांबून बघायची चित्रं

नाटकाचा रंगवलेला पडदा अगदी जवळून बघितला की विरस होतो. लांबून ज्या राजवाड्याच्या खांबांनी आपल्याला दिपवलं, ते खांब म्हणजे तीन उभे पट्टे असतात: एक मळकट जांभळा, एक पिवडीचा आणि मध्ये न रंगवता तसंच सोडलेलं कापड. झाडाची पानं म्हणजे ओल्या स्पंजाचे ठसे. पाण्यावरची चमक म्हणजे चार बोटं रुंद ब्रशनं एका झटक्यात ओढलेली पांढरी रेघ, तिच्या टोकाला रंगाचा ओघळ तसाच वाळलेला. शिवण दिसते, ठिगळ दिसतं, गुंडाळून-उलगडून पडलेल्या आडव्या भेगा दिसतात. मग मागे सरकत जायचं. आठव्या-दहाव्या रांगेपाशी त्या डागांचं एकमेकांशी जमायला लागतं, पंधराव्या रांगेत खांबाला गोलाई येते आणि विसाव्या रांगेत खांबाच्या पलीकडच्या दालनात गारवा असणार असं वाटायला लागतं.

हे सगळं ज्यानं केलं तो माणूस मात्र काम करताना विसाव्या रांगेत नसतो. तो कापडाला टेकून असतो, कधी कधी तर कापडावरच उभा असतो. घरात चित्र काढणारा दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघतो. तीस फूट रुंद आणि वीस फूट उंच कापडाला दोन पावलं मागे जाऊन काहीच कळत नाही. म्हणजे ज्या जागेवरून चित्र बरोबर दिसणार त्या जागेवर चित्रकार नाही, आणि चित्रकार जिथे आहे तिथून ते बरोबर दिसत नाही. या धंद्यातलं सगळं कसब या एका अडचणीपोटी जन्माला आलं आहे असं माझं मत आहे. आणि या धंद्यातले काही लोक पुढे जिकडे गेले तिकडे का गेले, याचंही उत्तर मला तिथेच सापडतं.

मला हे वेड लागलं ते अण्णांमुळे. आमच्या कोल्हापूर-सांगली भागात गावोगावची हौशी मंडळं गणपतीत, जत्रेत नाटकं करायची. पडदे भाड्यानं यायचे: रस्ता, राजवाडा, अरण्य, बाग, झोपडी आणि एक तुरुंग. नाटक कुठलंही असो, या सहांत भागायचं. अण्णा हे पडदे रंगवायचे. एरवी दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, जे पडेल ते. मे महिन्यात शाळेचा हॉल रिकामा मिळायचा, तिथे मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं प्रचंड कापड जमिनीवर खिळ्यांनी ताणलेलं असायचं आणि अण्णा अनवाणी त्यावर फिरत असायचे. हातातल्या ब्रशला काठी बांधलेली, त्यामुळे वाकायचं काम नाही. पुढे वाचताना कळलं की जगभर या कामाच्या दोनच तऱ्हा आहेत. युरोपात बहुतेक ठिकाणी कापड जमिनीवर पसरून लांब दांड्याच्या ब्रशनं उभ्यानं रंगवतात. इंग्रजी पद्धतीत कापड उभ्या चौकटीवर ताणतात आणि चौकट वरखाली सरकवतात. अण्णांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हॉलला उंची नव्हती, म्हणून जमीन.

माझ्याकडे सरसाचं काम होतं. रंग भुकटीचे: पिवडी, गेरू, हिरमजी, काजळी, नीळ, सफेदा. भुकटी नुसत्या पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर झटकताच उडून जाणार. तिला कापडाला धरून ठेवतो तो सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांचा, विटकरी तुकड्यांचा. तो रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवायचा. थेट विस्तवावर ठेवून उकळला तर त्याची पकड जाते. कमी पडला तर पडद्यावरून रंगाची धूळ नटांच्या शालूंवर, जास्त झाला तर वाळताना रंगाला तडे आणि वर नको ती चकाकी. अण्णा दोन बोटं बुडवून एकमेकांवर दाबायचे, सोडायचे. किती चिकटतात त्यावर मान हलायची. मे महिन्यातला सरस एका रात्रीत नासतो आणि नासलेल्या सरसाचा वास काय असतो हे ज्यानं घेतला त्यालाच माहीत. त्या वासात बसून ते 'बाग' रंगवायचे.

या रंगाचा खरा छळ वेगळाच आहे. ओला असताना तो जेवढा गडद दिसतो त्यापेक्षा पुष्कळ फिका वाळतो. आणि सगळे रंग सारख्या प्रमाणात फिके होत नाहीत. म्हणजे समोर जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, उद्या सकाळी जे दिसणार आहे ते डोळ्यांपुढे आणून आज रंग कालवायचा. अण्णा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ठिपका देऊन तो शेगडीवर धरायचे. नवख्या मुलांसाठी ही सोय. ते स्वतः पुढे पुढे तेही करेनासे झाले होते. शिवाय सरसाचा रंग वाळला तरी पाण्यात पुन्हा सुटतो. वाळलेल्या रंगावर दुसरा हात देताना ब्रश जरा घासला की खालचा थर उठून वरच्यात मिसळतो आणि दोन्हींचा चिखल होतो. तेलरंगासारखी आठ दिवसांनी येऊन खोडण्या-सुधारण्याची चैन इथे नाही. एकदा हात मारला की काढून घ्यायचा.

मी एकदा झाडाखाली, म्हणजे रंगवलेल्या झाडाखाली, उकिडवा बसून बारकाईनं बघत होतो.

"जवळनं काय बघतोस? जवळनं बघायला ते काय सोनं हाय व्हय?"

"अण्णा, पानं काढली नाहीत अजून."

"मी कशाला काढू? बघणारा काढतोय की. फुकटात बसलाय, तेवढं तरी काम करंल त्यो."

मग त्यांनी मला हॉलच्या टोकाला बाकावर बाक ठेवून त्यावर चढवलं आणि डोळे बारीक करायला सांगितलं. पानं होती. पिंपळाची होती, आंब्याची नव्हती, हेसुद्धा कळत होतं.

ही विद्या आमच्या भागात आली कुठून हे शोधायला गेलं की दोन नावांपाशी जाऊन थांबावं लागतं: आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर. आडनाव खरं मेस्त्री, दोघं नात्यानं भाऊ, दोघं कोल्हापूरचे. बाबूरावांचा जन्म १८९० चा. घरात सुतारकाम, धातूकाम, कोरीवकाम. चित्रकलेच्या शाळेचं शिक्षण नाही. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांत हे दोघे पहिल्या फळीतले होते. संगीत नाटकमंडळ्यांसाठी त्यांनी पडदे केले, गुजराती आणि पारशी कंपन्यांसाठीही केले. पेंटर ही उपाधी लोकांनी लावली आणि ती आडनावाच्या जागी जाऊन बसली. बाबूरावांना आज लोक ओळखतात ते सिनेमामुळे. पडद्यांची ती सहा वर्षं त्यांच्या चरित्रात एका वाक्यात उरकली जातात, आणि मला नेमकं त्याच वाक्याशी थांबावंसं वाटतं.

कारण तो काळ पडद्यांच्या वैभवाचा होता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा देखाव्यांचा प्रश्नच नव्हता; साध्या पडद्याआडून पात्रं यायची आणि बाकीचं सूत्रधार गाऊन सांगायचा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात आलं आणि संगीत नाटकाचा धंदा उभा राहिला. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कंपन्यांची एकमेकींशी चढाओढ लागली ती गळ्यांवर, शालूंवर आणि सीनसीनरीवर. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घराघरात देवदेवता कशा दिसतात हे ठरवून टाकलं होतं. प्रेक्षकाला रंगमंचावरही तेच मखमली आकाश आणि तेच संगमरवरी जिने हवे होते. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी स्वतःची मंडळी काढली आणि थाटमाट कुठपर्यंत जाऊ शकतो याची हद्दच झाली. त्या थाटाच्या कर्जाची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. नवा पडदा उघडला की नटाच्या आधी टाळी पडद्याला पडायची. आजच्या नेपथ्यकारानं हे वाचून सुस्कारा सोडला तरी मी समजू शकतो.

पडद्यांनी नाटकं कशी लिहायची हेही ठरवलं, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. जुनं संगीत नाटक वाचायला घ्या. दरबाराचा भव्य प्रवेश संपतो आणि लगेच रस्त्यावर दोन नोकर, नाहीतर एखादा विनोदी भटजी आणि त्याचा शिष्य येतात, पाच-दहा मिनिटं काहीबाही बोलतात आणि जातात. मग अंतःपुर. समीक्षकांनी या प्रवेशांना विरंगुळा म्हटलं, कुणी शेक्सपिअरचा प्रभाव म्हटलं. असेलही. पण साधं कारण असं की 'रस्ता' हा पडदा रंगमंचाच्या पुढच्या भागात सोडायचा असतो. तो खाली आला की त्याच्या मागे सिंहासन उचलून पलंग मांडायला सवड मिळते. नोकरांचा विनोद लांबवायचा किती, हे विंगेतून कुणीतरी हात करून सांगेपर्यंत. नाटककाराची प्रतिभा मोठी खरी, पण त्या प्रवेशांपुरता मालक पडदा होता.

पडद्यापुढे वागायचेही नियम असत. रंगवलेला रस्ता खोल जाताना दिसतो, कारण दूरची घरं लहान काढलेली असतात. दुष्यंत चालत चालत त्या घरांपाशी गेला की महालाचा दरवाजा त्याच्या कमरेला लागतो. म्हणून नटानं मागच्या पडद्यापासून चार हात लांब राहायचं. हात टेकायचा नाही, नाहीतर अख्खा किल्ला हलतो. वारा सुटला तर तसाही हलतोच. रंगवलेली सावली एका बाजूला पडलेली आणि दिव्यांचा उजेड भलत्याच बाजूनं, हा घोळही होताच. किटसनच्या बत्त्यांच्या काळात एक रंग, विजेच्या दिव्यांत दुसरा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा मरतो, काळवंडतो. फिकट पिवळा तर नाहीसाच होतो. दुपारच्या उन्हात रंगवलेलं आकाश रात्रीच्या प्रयोगात ढगाळ दिसायचं ते यामुळे. अनुभवी पेंटर निळ्यात थोडी जास्तच नीळ ओतायचा आणि दिवसा बघणाऱ्याला ते भडक वाटायचं. त्याला काय वाटतं याला किंमत नव्हती, त्यानं रात्री यायचं.

आता त्या जागेच्या अडचणीकडे परत येतो. रेषा एका बिंदूकडे धावताना दाखवून सपाट कापडावर खोली निर्माण करण्याची युक्ती रंगभूमीवर आली इटलीतून. सेबास्तियानो सेर्लिओनं १५४५ मध्ये छापलेल्या ग्रंथात तीन प्रकारचे रंगमंच-देखावे आखून दाखवले: शोकनाट्यासाठी राजवाड्यांचा रस्ता, सुखात्मिकेसाठी सामान्य लोकांच्या घरांचा, आणि तिसरा रानातला. पुढे दरबारी नाट्यगृहांत हे देखावे कुणासाठी बरोबर दिसायला हवेत हे उघड ठरलेलं असे: राजासाठी. अशा देखाव्याला एकच खरी जागा असते. त्या जागेवरून सगळ्या रेषा जुळतात. तिच्या उजवी-डावीकडे, वर-खाली जितकं सरकाल तितका राजवाडा वाकडा होतो. राजाची खुर्ची बरोबर त्या ठिकाणी. सरदार थोडा वाकडा राजवाडा बघणार, माडीवरचा प्रेक्षक फारच वाकडा. प्रत्येकाला स्वतःच्या पायरीप्रमाणे वास्तव! अण्णांनाही मंडळाचे अध्यक्ष कुठे बसणार हे विचारताना मी ऐकलं आहे. ते गमतीनं विचारायचे असं मला तेव्हा वाटे.

म्हणजे देखाव्याचा चित्रकार आयुष्यभर एका डोळ्यासाठी राबतो. एक डोळा, एका जागी खिळलेला, ठरलेल्या अंतरावर. असा डोळा माणसांत सापडत नाही. यंत्रात सापडतो.

लुई दागेर या फ्रेंच माणसाचं नाव फोटोग्राफीच्या इतिहासात पहिल्या पानावर असतं. तो मूळचा पॅरिसचा नाटकाचे देखावे रंगवणारा. १८२२ मध्ये त्यानं 'डायोरामा' नावाचा खेळ सुरू केला. अर्धपारदर्शक अवाढव्य कापड, दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. उजेड पुढून टाकला की दिवस, मागून टाकला की त्याच चित्रात रात्र. नट नाही, गोष्ट नाही, लोक तिकीट काढून नुसता देखावा बघायला यायचे. देखावे अचूक रेखाटायला तो कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरी, म्हणजे काळोख्या पेटीत भिंगातून पडणारी प्रतिमा बघून काढणं. ती प्रतिमा आपोआप उमटून तशीच राहिली तर? १८३९ मध्ये त्याची पद्धत जगासमोर आली. हाताशी कुंचला असलेल्या माणसाला कुंचला टाकून द्यावासा वाटला तो या धंद्यामुळेच, असं मी धरून चालतो.

कोल्हापुरात तेच झालं, पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि तो बघून मेस्त्री बंधूंना चैन पडेना. पडद्यांचं काम ऐन भरात असताना ते कॅमेऱ्याच्या मागे लागले. विकत घ्यायला पैसा नाही, तर स्वतः बनवू. घरात हत्यारं होती, हातात कारागिरी होती. १९१६ मध्ये आनंदराव गेले, कॅमेरा पुरा व्हायच्या आत. बाबूरावांनी सहकाऱ्यांना घेऊन तो पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात झळकला आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत विलक्षण वाटतं. मूकपटांच्या त्या काळात बरेच जण नाटकाचे रंगवलेले पडदेच मागे टांगून चित्रीकरण करत. बाबूरावांच्या हातात तर देशातला उत्तम पडदा तयार करायची विद्या होती. त्यांनी पडदा काढून टाकला. भिंती बांधल्या, खांब बांधले, आत वावरता येईल अशा जागा उभ्या केल्या. चित्रीकरणाआधी देखाव्यांची आणि पोशाखांची रेखाटनं स्वतः काढायची, हा त्यांचा शिरस्ता. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांवर रात्रीचे प्रसंग घेतले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तर राजवाडाही नाही, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची काळोखी झोपडी. तो तरुण शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम.

पडद्याचा राजा पडदा का टाकतो? मला वाटतं, त्याचं मर्म त्यालाच ठाऊक होतं म्हणून. पडदा टिकतो अंतरावर. विसाव्या रांगेतला माणूस उठून पहिल्या रांगेत येत नाही, म्हणून टिकतो. कॅमेरा येतो. राजाची खुर्ची उचलून थेट खांबापाशी आणून ठेवायची सोय झाली, मग तीन पट्ट्यांचा खांब कसा चालेल? ज्यानं आयुष्यात कधी पडदा रंगवला नाही अशा दिग्दर्शकाला हे उशिरा कळलं असतं. बाबूरावांना प्रत्येक डाग कुठवर खोटं बोलू शकतो याचं माप हाताला पाठ होतं.

आनंदरावांच्या हाताखाली शिकलेल्यांत विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल होते. ही जोडी पुढे बाबूरावांकडे, आणि १९२९ मध्ये शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनीत. १९३६ चा 'संत तुकाराम' या दोघांचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्यातलं देहू बघा. मातीच्या भिंती, अंगण, उजेडाचा कोवळा तुकडा. आणि शेवटी आकाशातून येणारं वैकुंठाचं विमान बघा, ते थेट संगीत नाटकाच्या पडद्यावरून उतरलेलं आहे. नव्यानं बांधलेल्या देहूत जुन्या रंगवलेल्या स्वर्गाला बोलावलं आहे आणि दोघांचं भांडण होत नाही. समीक्षकांना त्या विमानाचं हसू आलं तर येवो, मला येत नाही.

नाटकातही पडद्याचे दिवस भरत आले होते. ललितकलादर्श या नाटकमंडळीनं मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम'मध्ये, १९२२ साली, तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर आणली, तिथे पु. श्री. काळे हे चित्रकार होते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'नं तर पदोपदी बदलणारे देखावेच रद्द केले. युरोपात स्ट्रिंडबर्ग या स्वीडिश नाटककारानं १८८८ मध्येच 'मिस ज्यूली'च्या प्रस्तावनेत तक्रार केली होती की भिंती कापडाच्या असतील तर असोत, पण त्यांवर स्वयंपाकघरातली फडताळं आणि भांडी रंगवणं आता थांबवा. त्याचं म्हणणं रास्त होतं. रंगवलेल्या खिळ्यावर टोपी टांगता येत नाही. पडदा गेला तसा रस्त्यावरचा तो नोकरांचा प्रवेशही गेला, आणि त्याबद्दल कुणी फारसं रडलं नाही.

पेंटर मात्र कुठेतरी जाणारच. काहींना सिनेमानं घेतलं, काहींना पाट्यांनी. स्कॉटलंडचा डेव्हिड रॉबर्ट्स घरं रंगवायला शिकता शिकता नाटकाकडे आला, लंडनच्या थिएटरांत देखावे रंगवले आणि मग इजिप्त-पॅलेस्टाइनची चित्रं काढून रॉयल ॲकॅडमीत जाऊन बसला. त्याच्या वाळवंटांतली ती अफाट खोली आणि समोर मुंगीएवढी माणसं बघितली की हात कुठे बसलेला आहे ते लपत नाही. त्याची नाट्यगृहातली कामं मात्र कुठे लटकवायला उरली नाहीत. पडदा वापरून झिजतो. झिजला नाही तर धुतला जातो. सरसाचा रंग पाण्यात सुटतो हे वर सांगितलंच. अण्णा जुनं 'अरण्य' ओढ्यावर नेऊन चोपायचे आणि त्याच कापडावर नवा 'तुरुंग' उभा करायचे. फार झिजलं की ते कडब्याच्या गंजीवर जायचं.

नाव राहण्याचं तर विचारूच नका. १९२४ मध्ये दियागिलेव्हच्या बॅले कंपनीच्या 'ल त्रँ ब्लू' या नृत्यनाट्यासाठी पिकासोच्या एका चित्रावरून दर्शनी पडदा केला गेला. समुद्रकिनाऱ्यावर हात पसरून धावणाऱ्या दोन धिप्पाड बायका. मूळ चित्र इतकं लहान की बगलेत मारून नेता यावं. त्याचं सुमारे दहा मीटर उंचीच्या कापडावर रूपांतर केलं अलेक्झांडर शेर्वाशिद्झे या माणसानं, चोवीस तासांच्या आत. पिकासोला ते इतकं आवडलं की त्यानं पडद्यावर स्वतःची सही ठोकून तो दियागिलेव्हला अर्पण केला. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो 'पिकासोचा पडदा' म्हणून आहे. शेर्वाशिद्झेला याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. बगलेतलं चित्र दहा मीटर करताना रेघ किती जाड करायची, रंग किती सोडायचा, हे पिकासोला येत नव्हतं आणि त्याला येत होतं, एवढं दोघांनाही पुरेसं असावं.

बाबूराव १९५४ मध्ये गेले. फिल्म कंपनी बंद पडल्यावर ते पुन्हा चित्रांकडे, मूर्तींकडे वळले होते. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालेलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा आमच्या भागातली माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी तिथे गोळा झाली होती. अण्णा ते बघायला नव्हते.

रंगवलेले पडदे अजून पाहायचे असतील तर मिळतात. जत्रांतल्या नाटकांत मिळतात, जुन्या संगीत नाटकांच्या हौशी प्रयोगांत कुणीतरी जपून ठेवलेला एखादा मिळतो. पण त्यांची जागा आता एलईडीच्या भिंतीनं घेतली आहे. मला नव्याचा राग नाही. अण्णांनीही फ्लेक्स आल्यावर पाट्यांच्या दुकानात संगणक आणून बसवला होता आणि पोराला शिकायला लावलं होतं. एलईडीशी माझं भांडण कारागिरीचं आहे. पडदा उजेड घेतो, ही भिंत उजेड देते. पडद्यावर जेवढे दिवे सोडाल तेवढाच तो दिसणार, त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्याच्यापेक्षा नेहमी उजळ ठेवता येई. अनुभवी पेंटर म्हणूनच मागचे रंग मुद्दाम मंद ठेवायचा, तांबडा तर जपून, मधोमध तर नाहीच, कारण तिथे नट उभा राहणार. भिंतीला यातलं काही सांगता येत नाही असं नाही. सांगता येतं. कुणीतरी सांगायला लागतं.

मध्ये एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला गेलो होतो. नायिका नाट्यपद घेऊन उभी, चांगली गाणारी मुलगी, आणि तिच्या मागे धबधबा कोसळत होता, खराखुरा चित्रित केलेला, फेसासकट. सगळं सभागृह धबधबा बघत होतं. मध्यंतरात आत जाऊन उजेड जरा कमी करता येईल का असं मी विचारलं. तिथला मुलगा सज्जन होता. म्हणाला, "काका, करता येतो की. पण मंडळानं फुल ब्राइटनेसचं भाडं भरलंय."